बिनकराचं ताट

गेल्या चातुर्मासात माझ्या सासूबाईंनी असा नियम घेतला की, ज्या वस्तूवर सरकारचा कर आहे ती तोंडात घालायची नाही. आणि मी कर सल्लागार. सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. बेदाण्याचे व्यापारी, भडंगवाले, किराणावाले, डेअरीवाले यांची विवरणपत्रं भरण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. लोक मला फोन करून विचारतात, मॅडम, चुरमुऱ्याला किती, आणि तिखट लावलं तर किती? पण आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच सासूला, प्रत्येक घासाआधी हे सांगत बसावं लागेल असं कुणी मला आधी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमच्या घरात सासूला आत्ती म्हणतात. मी मूळची फलटणची, त्यामुळे हे म्हणणं अंगवळणी पडायला मला वेळ लागला. आत्ती मिरजेच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या शिवेवरच्या एका गावातल्या शेतकरी जैन घरातल्या. बोलणं फटकळ, हाताला चव, आणि धर्माच्या बाबतीत एकदम पक्क्या. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. कांदा, लसूण, बटाटा घरात नाही. चातुर्मासात पालेभाजीही नाही. दरवर्षी चातुर्मास लागला की बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, जाऊन त्या काहीतरी सोडून यायच्या. कधी साखर, कधी तूप, एका वर्षी तर मीठ. त्यामुळे नियमाचं मला नवल नव्हतं. नवल या नियमाचं होतं, आणि तो कुठून आला हे मला त्याच क्षणी कळलं. तो माझ्या नवऱ्याकडून आला होता.

नवरा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. सुटी झाली की मोटारसायकल थेट घराकडे, कारण आत्तींचा सूर्य कुणासाठी थांबत नसे. मीही ऑफिसातून पळत यायचे. मुलगी पुण्याला नोकरीला गेल्यापासून आम्ही तिघंच उरलो होतो, पण पानावर बसलो की दहा माणसांचा गलका असायचा, आणि तो सगळा एकट्या नवऱ्याचा. जीएसटी आला तेव्हा मी स्वयंपाक करतानाही दरांच्या याद्या पुटपुटत असायचे. त्यावरून त्यानं एक खेळ काढला. ताटातली एखादी वस्तू चिमटीत धरून डोळ्यांसमोर न्यायची आणि मला विचारायचं, "ह्येला किती?"

मी सांगायचे. पीठ सुटं घेतलं तर शून्य, पिशवीत बंद करून वर नाव-वजन छापलं की पाच. दही घरचं किंवा सुटं असेल तर शून्य, डब्यात सीलबंद केलं की पाच. गुळाचंही तेच. तेलाला पाच, साखरेला पाच, तुपाला बारा. तूप आलं की तो वाटी आत्तींपासून लांब सरकवायचा आणि म्हणायचा, "आई, जपून. ह्ये बाराचं हाय." आणि जे शून्याचं निघेल ते उचलून आत्तींच्या पानात वाढायचा. "घे, ह्येच्यावर कुणाची नजर न्हाई."

आत्ती करवादायच्या. "पानावर बसून कसला रं कर? खा की गप." पण त्यांचं पान रोज त्याच्या शेजारीच असायचं, आणि शून्याची वस्तू त्यांनी कधी परत केली नाही.

भडंगावर तर त्याचं विशेष प्रेम. चुरमुरे शून्य. त्याला तेल, तिखट, शेंगदाणे लावले की ते नमकीन झालं, पाच. तेच सीलबंद पाकिटात गेलं की बारा. हे ऐकून तो गंभीर चेहरा करून म्हणाला होता, "म्हंजे चुरमुऱ्यानं नटायचंच न्हाई म्हणा की." मी त्या दिवशी इतकी हसले की मला ठसका लागला आणि आत्तींनी पाठीवर थापट्या मारल्या. हे मी आता लिहिते आहे तर मला ती थाप पाठीवर जाणवते, आणि त्याचा आवाज काही केल्या नीट आठवत नाही. शब्द सगळे आठवतात. आवाज हातातून निसटत चाललाय, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

तो गेला तो वर्कशॉपमध्येच. छातीत कळ आली, बरोबरच्यांनी गाडीत घातलं, दवाखान्यापर्यंत पोचला नाही. नंतरचं जे काही असतं ते सगळं झालं. लोक आले, गेले. मुलगी महिनाभर राहून पुण्याला परतली. मी ऑफिसला जायला लागले.

आणि ऑफिसातच राहायला लागले. खरं सांगायचं तर मला संध्याकाळची भीती वाटायची. ऊन उतरलं की घरी दोन पानं मांडली जाणार, आणि मधली जागा रिकामी असणार. ती जागा बघण्यापेक्षा कुणाचीतरी बिलं तपासत बसणं सोपं होतं. समोरच्या टपरीवरचा चहा आणि खारी खाऊन माझं भागत होतं. घरी जायचे तेव्हा आत्तींचं कधीच उरकलेलं असायचं आणि माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं. बऱ्याचदा ते तसंच सकाळी गाईला जायचं. आत्ती काही बोलत नव्हत्या. मलाही त्यांच्याशी काय बोलावं कळत नव्हतं. एकच माणूस दोघींचं गेलं होतं, आणि आम्ही घरात एकमेकींना चुकवत फिरत होतो.

अशात चातुर्मास लागला. तो दिवस रविवारचा होता म्हणून मी घरी होते. आत्ती बस्तीतून आल्या, पाय धुतले, पानावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "बस हितं. आन् सांग."

"काय सांगू?"

"कशाकशाला कर हाय त्ये सांग. कराचं काय खायाचं न्हाई, असा नेम घेऊन आलीया मी."

मला आधी वाटलं, त्या माझी थट्टा करताहेत. मग त्यांचा चेहरा बघितला. समोर आमटी होती. फोडणीत तेल होतं, तेलाला पाच. मोहरी, जिरे, हळद, हिंग, सगळ्याला पाच. मी सांगत गेले आणि त्या एकेक वाटी बाजूला सारत गेल्या. शेवटी उरली ज्वारीची भाकरी, मीठ, दही आणि एक केळं. चहा गेला, कारण चहापत्तीला पाच आणि साखरेला पाच. बिनसाखरेचं दूध राहिलं.

मी चिडले. "अहो आत्ती, हा नियम कुठल्या शास्त्रात आहे?"

"नेम आपला आपण घ्यायचा असतो," त्या म्हणाल्या आणि दही-भाकरी कालवायला लागल्या.

मी त्यांना म्हटलं, यादी करून देते, मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावते. त्या म्हणाल्या, यादी नको. "तूच म्हणतीस, सरकार कवाबी बदलतंय. उद्या बदललं आन् मी जुन्या यादीवर खाल्लं तर नेम मोडंल. तू रोज पानावर बसून सांगायचं."

"आणि मला उशीर झाला तर?"

"तर न्हाई खाणार. दिवस बुडल्यावर मी खात न्हाई, तुला ठावं हाय."

दुसऱ्या दिवसापासून मी दिवस मावळायच्या आत घरी. पहिले काही दिवस मी नुसती धुसफुसत होते. अशिलांना वाटायचं, मॅडमची तब्येत बरी नाही. एकानं तर औषधही सुचवलं.

पण धुसफूस ओसरली आणि काळजी लागली. आत्ती उतरायला लागल्या. पोलक्याच्या बाह्या सैल झाल्या, पाटल्या कोपराकडे जायला लागल्या. बस्तीची पायरी चढताना त्या कठडा धरू लागल्या. डॉक्टर म्हणाले, या वयात नुसत्या दही-भाकरीवर चालणार नाही, अंगात तेल-तूप, डाळ जायला पाहिजे. डाळ सुटी मिळत होती, शून्याची होती, पण फोडणी आणि हळदीशिवायचं वरण त्या दोन घासांपलीकडे खाईनात. मी त्यांच्यासमोर हात जोडले. त्या म्हणाल्या, नेम नेम असतो. मला एकच गोष्ट हवी होती, की त्यांनी खावं. एकाच वर्षात या घरातून दुसरं माणूस जाऊ द्यायची माझ्यात ताकद नव्हती.

मग मी माझ्या धंद्याला लागले. व्यापाऱ्यांसाठी आयुष्यभर जे केलं ते आत्तींच्या ताटासाठी करायचं ठरवलं. शून्य शोधायचं.

पहिली अडचण हळदीची. सांगलीत राहून माणसाला हळद मिळू नये याला काय म्हणावं? ओल्या हळदीवर कर नाही. पण ओली हळद म्हणजे जमिनीखालचा कंद, आणि तो आत्तींना चालत नाही. तीच हळद शिजवून वाळवली की धर्माला चालते, पण मग ती मसाल्यात गेली आणि पाच टक्के लागले. आल्याचं आणि सुंठीचंही तेच. सरकारला जी चालते ती आत्तींना चालत नव्हती, आणि आत्तींना चालते तिच्यावर सरकारनं बोट ठेवलेलं. मी त्या रात्री अंथरुणावर पडून मनातल्या मनात नवऱ्याला हे सांगितलं. तो असता तर चार दिवस त्याला हा विषय पुरला असता. जो भेटेल त्याला त्यानं ऐकवलं असतं.

वाट मात्र होती. कर नुसत्या वस्तूवर नसतो, विकणारा कोण यावरही असतो. शेतकरी आपल्या रानातला माल स्वतः विकतो तेव्हा त्याला कर लावायचा नसतो. छोट्या विक्रेत्याची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर त्याला नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नाही तर तो कर कुठून लावणार? हे मी ऑफिसातल्या पोरांना शिकवलेलं, शेकडो वेळा सांगितलेलं. स्वतःच्या घराला लागू करायचं सुचायला मला श्रावण उजाडला.

आत्तींच्या भावाच्या रानात भुईमूग होता. त्यांच्याकडून शेंगा आणल्या. कुपवाडला एका गल्लीत एक माणूस लाकडी घाणा चालवतो, एकटाच, नोंदणी नसलेला. त्याच्यासमोर बसून तेल काढून घेतलं. हळद एका शेतकऱ्याकडून आणली. त्यानं ती घरीच शिजवून वाळवलेली होती. म्हसवडकडचा एक अशील गावी जाणार होता, त्याला सांगून तिथल्या शेतकऱ्याची मटकी आणवली. ऑफिसात मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर लोकांना वाटलं असतं, बाई आता कर चुकवायलाही शिकवायला लागल्या.

त्या संध्याकाळी कढईत तेल तापलं, हिरवी मिरची आणि हळद पडली, आणि कितीतरी दिवसांनी घरात फोडणीचा वास सुटला. मला रडू आलं. हा आमच्या घराचा वास होता. नवरा दारातून आत येताना याच वासावरून सांगायचा, आज मटकी, आज दोडका. मी पदरानं डोळे पुसून पान वाढलं.

आत्ती पानावर बसल्या. मग त्यांनी मटकीचा एक दाणा चिमटीत धरला, डोळ्यांसमोर नेला आणि म्हणाल्या, "ह्येला किती?"

अगदी तसंच. मान तेवढीच तिरकी. त्या थांबल्या, दाणा तसाच धरून.

"शून्य," मी म्हटलं.

"आन् तेल? तेलाला पाच म्हणालीवतीस."

मी त्यांना सगळं सांगितलं. शेतकरी, घाणेवाला, नोंदणी, मर्यादा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे वस्तू तीच, पर इकणारा बारका म्हणून सोडलं त्येला?"

"हो."

"सरकारला बी कळतंय म्हण की जरा," त्या म्हणाल्या, आणि पोटभर जेवल्या.

त्यानंतर आमचं रोजचंच झालं. त्या विचारायच्या, मी सांगायचे. दुपारी ऑफिसात मी विचार करायला लागले की आज त्यांच्यापुढं काय नवं ठेवावं. एकदा साताऱ्याहून एका अशिलानं कंदी पेढे आणले. नवऱ्याला ते फार आवडायचे. साताऱ्याला कुणी जाणार असं कळलं की हा आधी पैसे काढून हातात द्यायचा. पेढ्याला पाच, म्हणजे आत्तींना चालणार नाही. मी खोका कपाटात ठेवत होते, तर त्या म्हणाल्या, "तू खा. माझ्यासमोर बसून खा." मी खाल्ला. त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "दुधाला शून्य, न्हवं? आन् त्येच दूध आटवून आटवून पेढा केला की पाच. म्हंजे कष्ट केलं की दंड." मला हसू फुटलं. तो गेल्यानंतर मी घरात पहिल्यांदाच हसत होते, आणि तोंडात पेढा, डोळ्यांत पाणी, असं माझं काहीतरी विचित्र झालं होतं.

नवरात्राच्या पहिल्या दिवसापासून दर बदलले. ऑफिसात नुसता कल्ला. प्रत्येक दुकानदाराला आपापल्या मालाचा नवा दर हवा होता, जुन्या पाकिटांचं काय करायचं ते हवं होतं, आणि हे सगळं कालच हवं होतं. मी फोन बाजूला ठेवला आणि वेळेवर निघाले. आत्ती पान मांडून बसल्या होत्या. आज त्यांनी काही उचललं नाही. बदललंय हे त्यांना टीव्हीवरून कळलं होतं. "सांग," एवढंच म्हणाल्या.

मी सांगायला लागले. पाकिटातल्या पनीरला शून्य. विकतच्या चपातीला, पराठ्याला शून्य. भडंगाच्या पाकिटाला बारा होते, आता पाच. लोणच्याला पाच. तुपाला बाराचे पाच.

तुपापाशी त्या हलल्या. मग म्हणाल्या, "त्येला कुठं ठावं हाय ह्ये. त्यो बाराच घेऊन गेला."

मी रडले. पानावर बसून, उष्ट्या हातानं, आवाज काढून रडले. तो गेला त्या दिवशीसुद्धा मी अशी रडले नव्हते. जग त्याच्याशिवाय पुढं सरकलं होतं, साधं तुपाचं सुद्धा, आणि ते त्याला सांगायची काही सोय नव्हती. एवढी एक गोष्ट त्याला सांगता आली असती तर मी काहीही दिलं असतं. आत्तींनी मला गप्प केलं नाही. स्वतःही जेवल्या नाहीत. मी थांबेपर्यंत बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "खा आता. दिवस जाईल." त्यांच्या जेवणाची वेळ माझ्यामुळे टळत होती हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं, आणि आम्ही दोघी घाईघाईनं जेवलो.

चातुर्मास संपला तेव्हा आत्ती बऱ्यापैकी सावरल्या होत्या. तरी मला धीर नव्हता. नियम सुटला त्या संध्याकाळी मी सगळं केलं. वरण-भात, वर तूप, दोडक्याची भाजी, लोणचं, पापड, आणि साखर घालून चहा. कशालाच किती ते त्यांनी विचारलं नाही. सगळं थोडं थोडं, चवीनं खाल्लं. त्यांच्या भातावर तूप ओतताना माझा चार महिन्यांचा राग एकदम वर आला.

"किती घाबरवलंत मला," मी म्हटलं. "हाडं दिसायला लागली होती तुमची. तुम्हाला काही झालं असतं तर मी काय करणार होते? असला नियम घ्यायचाच कशाला?"

आत्तींनी घास गिळला, पाणी प्यायल्या.

"माझं काय," त्या म्हणाल्या. "मीठ सोडून बी चार म्हैने काढल्यात मी. मला भाकरी असली की झालं. तू घरला येत न्हवतीस."

मी तुपाची वाटी खाली ठेवली.

"तुझं ताट झाकायचं आन् सकाळी गाईला घालायचं. त्यो गेला, आन् तू बी जायला लागलीवतीस. बोलावलं असतं तर आली असतीस व्हय? कामाचं म्हटलं की तू येतीस."

बाहेर अजून उजेड होता. ऑफिसात या वेळी फोन वाजत असणार, आणि मला त्याची आठवणही झाली नव्हती.

"म्हणजे आता उद्यापासून सांगायला मी लागत नाही," मी म्हटलं.

"लागतीस की," आत्ती म्हणाल्या, आणि पातेल्यातला उरलेला भात त्यांनी माझ्या पानात वाढला.